नूडल्सचं परदेशी किट घरी करताना: आधी नूडल ओळखा, मग गॅस पेटवा

ताई, तुमचा प्रश्न मी जसा समजलो तसा आधी मांडतो. तुम्ही वाशीम जिल्ह्यातल्या खेड्यात राहता. मुलगी दहावीत आहे, फोनवर कोरियन मालिका पाहते. तिच्या हट्टापायी तुम्ही ऑनलाइन नूडल्सची चार पाकिटं मागवली. पॅड थाईच्या, म्हणजे तांदळाच्या चपट्या नूडल्स परतून करायच्या थाई पदार्थाच्या, किटचा कढईत गोळा झाला. जपानी उडोन (गव्हाच्या जाड नूडल्स) आंबट लागले, खराब झाले असतील म्हणून तुम्ही टाकून दिले. कोरियन पाकीट केलं तर धाकट्याच्या तोंडाची आग झाली आणि सासऱ्यांनी "हे तिखट का गोड?" असं विचारून ताट सरकवलं. सासूबाई माळकरी आहेत, त्यामुळे यात नेमकं काय असतं हा प्रश्न घरात उभा आहे. आता एक कोरियन पाकीट उरलंय आणि तुम्ही विचारता की हे किट गावातल्या घरी करण्यासारखे असतात, की पैसे पाण्यात जातात.

करण्यासारखे असतात. पुण्यात एका हॉटेलच्या थाई-चिनी स्वयंपाकघरात मी बरीच वर्षं कढईवर काम केलं, आता यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी खानावळ चालवतो. कॉलेजची पोरं मागतात म्हणून नूडल्स करतो, आणि नवीन पाकीट बाजारात आलं की ते घरी करून पाहतो. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही तक्रारी माझ्याकडे लोक घेऊन येतात, आणि पहिल्या दोन्हींचं मूळ एकच निघतं; तिखटाचं पुढे सांगतो. आपल्याकडे मॅगी १९८३ मध्ये आली. तेव्हापासून नूडल्स म्हटलं की पाणी उकळा, वडी टाका, मसाला टाका, आटवा, एवढीच रीत आपल्या हाताला बसली. ती रीत एकाच जातीच्या नूडलची आहे. तांदळाची नूडल, उडोन, बकव्हीटची, म्हणजे कुट्टूची, सोबा, रताळ्याच्या स्टार्चची काचेसारखी नूडल यांना ती लावली की पदार्थ बिघडणारच. तुमचा हात चांगला आहे. पाकिटात कोणती नूडल आहे ते कोणी सांगितलं नव्हतं.

काही गोष्टी मात्र तुमच्या घरावर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. घरात मांसाहार अजिबात चालत नसेल तर तुमची निवड बरीच कमी होते. पाणी बोअरचं खारट असेल तर रश्श्याची चव बदलते. गॅसची आच बारीक असेल तर एका वेळी दोनच माणसांचं करावं लागतं. आणि घरातल्या सगळ्यांनी हेच जेवावं अशी अपेक्षा असेल तर मी आत्ताच सांगतो, सासू-सासऱ्यांचा नेहमीचा स्वयंपाक त्या दिवशीही करा. वरण-भाकरी शेजारी असली की नवीन पदार्थ चाखायला माणूस मोकळा होतो.

आता नूडलच्या जाती. तुमच्या कोरियन पाकिटात असते ती तळलेल्या गव्हाची वडी. ही पद्धत मोमोफुकु आंदो यांनी १९५८ मध्ये जपानात ओसाकाजवळ इकेदा इथे बसवली. मैद्याच्या वाफवलेल्या नूडल्स गरम तेलात सोडल्या की आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं आणि जागोजागी बारीक छिद्रं राहतात. नंतर उकळत्या पाण्यात त्या छिद्रांतून पाणी आत शिरतं, म्हणून त्या चार-पाच मिनिटांत शिजतात. त्या वडीत वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के तेल असतं. तुम्हाला त्या पिवळसर आणि चिवट वाटल्या असतील, तर ते पिठात घातलेल्या क्षारांमुळे. सोडियम कार्बोनेट, पोटॅशियम कार्बोनेट, म्हणजे आपल्या पापडखाराच्याच जातीचे क्षार. पाकिटावर ५०० आणि ५०१ हे आकडे दिसले तर घाबरू नका, ते हेच आहेत.

या जातीला पाणी मोजून लागतं. कोरियन रश्श्याच्या पाकिटाला साधारण ५५० मिलिलिटर सांगितलेलं असतं. मोजपात्र नसेल तर अर्ध्या लिटरची पाण्याची रिकामी बाटली घ्या, ती एकदा भरून ओता आणि वर पाव कप घाला. गंजात पाणी खळखळ उकळल्यावरच वडी सोडा. ती सुटायला लागली की झाऱ्याने किंवा काट्याने नूडल्स पाण्यातून वर उचला, हवा लागू द्या, परत सोडा. असं तीन-चार वेळा केलं की त्या बाहेरून लगदा न होता आतून शिजतात. कोरियात हे घरोघरी करतात. पाकिटावरच्या वेळेच्या अर्धा मिनिट आधी गॅस बंद करा, कारण ताटात येईपर्यंत शिजणं चालूच राहतं.

कोरियन पाकिटांचा दुसरा प्रकार रश्श्याशिवायचा, सॉस लावून खायचा. तुमच्या वर्णनावरून तुमचं पाकीट तेच वाटतं. त्यात नूडल्स पाच मिनिटं उकळून पाणी काढून टाकायचं, सात-आठ चमचे पाणी मागे ठेवायचं, मग सॉस घालून अर्धा मिनिट मोठ्या आचेवर परतायचं. मागे ठेवलेलं पाणी विसरलं तर सॉस नूडल्सला न लागता कढईला लागतो.

पॅड थाईवर मी जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्या परदेशी किटांत आपल्या घराला सर्वांत जवळचा पदार्थ तोच आहे असं माझं ठाम मत आहे. चिंच, गूळ, शेंगदाणे, मोडाचे मूग, पातीचा कांदा, लिंबू, तिखट. थायलंडमध्ये ताडाचा गूळ घालतात, आपल्याकडे उसाचा आहे. वाळलेले झिंगे घालतात, तेही आपल्या आठवडी बाजारात सुकटीच्या ढिगाशेजारी मिळतात. बाहेरून येतात त्या फक्त तांदळाच्या चपट्या नूडल्स आणि माशांपासून केलेला फिश सॉस, आणि फिश सॉस तुम्हाला नकोच आहे.

मग तुमचा गोळा का झाला? तुम्ही नूडल्स उकळल्या. तांदळाच्या नूडल्समध्ये गव्हातलं ग्लुटेन, म्हणजे पीठ ताणून धरणारा घटक, नाही, त्यांना धरून ठेवतं ते फक्त स्टार्च. उकळत्या पाण्यात तो स्टार्च फुगून बाहेर येतो आणि चिकट होतो. वर सॉस घालून परतलं की एकेक नूडल शेजारच्या नूडलला धरते. चपट्या नूडल्स साध्या पाण्यात भिजवायच्या असतात. ३ ते ५ मिलिमीटर रुंदीच्या असतील तर ३० ते ४५ मिनिटं. बोटाभोवती गुंडाळली तर मोडू नये, पण दाताखाली कच्ची लागावी, इथे थांबायचं. उरलेलं शिजणं कढईत सॉसच्या पाण्यात होतं.

इथे आपल्या भागाची एक गोष्ट कोणत्याच पाकिटावर लिहिलेली नसते. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी चांगलंच गरम असतं. पाकीट म्हणतं "साध्या पाण्यात भिजवा" आणि आपण नळ सोडतो, तर नूडल्स अर्ध्या वेळेतच मऊ होतात. उन्हाळ्यात माठाचं पाणी घ्या. हिवाळ्यात उलट, पाणी थंडगार असेल तर कोमट करून घ्या. घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवा.

दुसरं कारण गर्दी. दोन माणसांचं किट असलं तरी घरच्या गॅसवर ते एकदम करू नका. कढईत जास्त माल पडला की आच दबते, परतण्याऐवजी नूडल्स वाफेवर शिजतात आणि चिकटतात. एका वेळी एक प्लेट. लोखंडी कढई धूर निघेपर्यंत तापवा, तेल थोडं सढळ घाला, लसूण टाका, लगेच निथळलेल्या नूडल्स टाका. सॉस घाला. सराट्याने दाबू नका, खालून वर उचलत राहा. कोरडं पडलं तर पाण्याचा हबका मारा. नूडल चाखून मऊ झाली की एका बाजूला सारून पनीर किंवा अंडं, मग मोडाचे मूग आणि पात. मूग अर्धा मिनिटच, ते कुरकुरीतच हवेत. उतरवल्यावर भाजलेल्या दाण्याचा जाडसर कूट आणि लिंबाची फोड. चूल असेल तर चुलीवर करा. जाळ मोठा असतो, या पदार्थाला तो मानवतो.

पुढच्या वेळी किट न मागवता नुसत्या तांदळाच्या चपट्या नूडल्स मागवा आणि सॉस घरी करा. दोन प्लेटला, म्हणजे साधारण २०० ग्रॅम सुक्या नूडल्सला, तीन मोठे चमचे चिंचेचा घट्ट कोळ, तीन मोठे चमचे किसलेला गूळ, दोन मोठे चमचे सोया सॉस, अर्धा चहाचा चमचा तिखट आणि दोन चमचे पाणी. मंद आचेवर गूळ विरघळेपर्यंत ढवळा. चव आधी आंबट, मग गोड, शेवटी खारट लागली पाहिजे. आपली चिंच झाडाझाडाला वेगळी असते, त्यामुळे गूळ चाखूनच वाढवा. भिवापुरी मिरचीचं तिखट असेल तर रंगही चांगला येतो, पण ते हात राखून घाला, या पदार्थात तिखट मागे राहायला हवं.

तुमचे उडोन बहुधा चांगले होते. शिजवून, हवा काढून बंद केलेल्या पाकिटातल्या जाड उडोनमध्ये टिकण्यासाठी आम्ल घातलेलं असतं, बहुतेकदा लॅक्टिक आम्ल. पाकीट उघडलं की आंबट वास येतो तो त्याचा. नूडल्स थंड असताना हाताने सोडवू नका, तुकडे पडतात. पातेल्यात काढून वर उकळतं पाणी ओता, एक-दोन मिनिटं राहू द्या, काट्याने हळूच मोकळ्या करा आणि ते पाणी फेकून द्या. आंबटपणा जवळपास जातो. पाकीट फुगलेलं असेल किंवा नूडल्स बुळबुळीत झाल्या असतील तर मात्र खरंच टाकून द्यायच्या.

बाकीच्या दोन जाती भराभर सांगतो. सोबा भरपूर पाण्यात उकळायची आणि लगेच थंड पाण्यात चोळून धुवायची, म्हणजे वरचा स्टार्च जातो. ती कुट्टूच्या पिठाची असते म्हणून उपासाला चालेल असं समजू नका, बाजारातल्या बऱ्याच सोबात गहू मिसळलेला असतो. रताळ्याच्या स्टार्चची कोरियन नूडल सहा ते आठ मिनिटं उकळून, थंड पाण्यातून काढून, तेलाचा हात लावून ठेवायची. ती उशिरापर्यंत चिकटत नाही, त्यामुळे पाहुणे येणार असतील तर सोयीची.

पाकीट हातात आलं की मागची यादी वाचा. पहिलाच घटक मैदा असेल आणि त्यात पाम तेल दिसत असेल तर तळलेली वडी. तांदूळ आणि पाणी एवढंच असेल तर भिजवायची. आम्लाचा उल्लेख असेल आणि नूडल ओली असेल तर उकळत्या पाण्याने धुवायची. एवढं पाहिलं की बाकी सूचना इंग्रजीत किंवा कोरियनमध्ये असल्या तरी अडत नाही.

आता सासूबाईंचा प्रश्न, तो हलक्यात घेऊ नये. भारतात विकल्या जाणाऱ्या पाकिटावर शाकाहारी पदार्थाला हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका आणि मांसाहारीला तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण असतो. जुन्या छपाईवर त्रिकोणाऐवजी तपकिरी ठिपकाही दिसतो. आयात केलेल्या पाकिटावर हे चिन्ह, आयातदाराचं नाव-पत्ता आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक वेगळ्या चिकटपट्टीवर लावलेला असतो. ती पट्टीच नसेल तर ते पाकीट मी घरात आणत नाही, कोणी भेट दिलं तरी.

नावावरून अंदाज बांधू नका. भाज्यांचं चित्र असलेल्या पाकिटाच्या रश्श्यातही गोमांसाचा किंवा डुकराच्या मांसाचा अर्क असू शकतो. जपानी रश्श्यात बोनिटो नावाच्या वाळवलेल्या माशाचा अर्क फार नेहमीचा. थाई आणि मलेशियाच्या किटांत फिश सॉस, कोळंबीची पेस्ट, ऑयस्टर सॉस. किमची (कोबीचं आंबवलेलं कोरियन लोणचं) शाकाहारी दिसते, पण तिच्यातही बहुतेकदा मासळीचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते. शिवाय एकाच नावाचं पाकीट वेगवेगळ्या देशांसाठी वेगळ्या घटकांनी बनतं, त्यामुळे मुलीच्या मैत्रिणीने मुंबईतून आणलेलं पाकीट शाकाहारी होतं म्हणून तुमचंही तसंच असेल असं नाही. ६३१ आणि ६३५ हे चव वाढवणाऱ्या घटकांचे क्रमांक मासळीपासूनही बनू शकतात आणि वनस्पतीपासूनही. क्रमांकावरून ते कळत नाही, हिरव्या ठिपक्यावरून कळतं. सासूबाईंना पाकीट दाखवा, ठिपका दाखवा, यादी वाचून दाखवा. त्यांना संशय राहिला तर त्यांच्या भांड्यांत करू नका. वेगळी कढई ठेवणं त्या घरात सोपं असतं आणि त्याने कोणाचं मन दुखावत नाही.

मीठ. हे मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण याबद्दल कोणी बोलत नाही. कोरियन रश्श्याच्या मोठ्या पाकिटावर सोडियमचा आकडा बघा, १७०० ते १८०० मिलिग्रॅमच्या आसपास असलेला सहज सापडेल. त्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते कळतं: साधारण साडेचार ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे एका वाडग्यात दिवसाचं जवळपास सगळं मीठ संपलं, आणि आपल्या जेवणात लोणचं, पापड, ठेचा वेगळा असतोच. सासऱ्यांना रक्तदाबाची गोळी चालू असेल तर त्यांना रस्सा पाजू नका.

यात आपलं पाणी भर घालतं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तुमच्या शेजारीच आहे, अकोला, अमरावती, बुलडाण्यात. तिथल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात केलेला रस्सा पाकिटातला पूर्ण मसाला घालून तोंडात धरवत नाही. तुमच्या गावचं पाणी जरा जरी मचूळ असेल तरी रश्श्याला आरओच्या कॅनचं पाणी वापरा. नूडल्स उकळून फेकायच्या पाण्याला बोअरचं चालेल.

मी स्वतः मसाल्याची पुडी अर्धीच घालतो आणि उरलेली चव लसूण, आलं, कांद्याची पात आणि भाजून कुटलेल्या तिळाने आणतो. कोरियन पदार्थात वास येतो तो भाजलेल्या तिळाच्या तेलाचा. आपल्या घाण्याचं तीळतेल कच्च्या तिळाचं असतं, त्याला तो वास नाही. म्हणून तेल शोधत बसण्यापेक्षा चमचाभर तीळ तांबूस भाजून खलबत्त्यात कुटा आणि शेवटी वरून घाला. आपल्या घरात तीळ असतोच, आणि फरक लगेच कळतो.

तिखटाचं काय? आपण विदर्भातले लोक तिखट खातो, सावजी रश्श्याची तर्री पचवतो, तरी कोरियन सॉस बाधतो. कारण आपल्या रश्श्यात तिखटासोबत खोबरं, खसखस, कांदा आणि भरपूर तेल असतं. कोरियन सॉसमध्ये मिरचीचा अर्क साखरेबरोबर येतो. पहिला घास गोड लागतो, म्हणून माणूस भराभर खातो आणि जळजळ नंतर चढते. सासऱ्यांनी विचारलं ते योग्यच होतं. काही पाकिटं तर मुद्दाम अतितिखट केलेली असतात. डेन्मार्कच्या अन्न प्रशासनाने जून २०२४ मध्ये अशा तीन कोरियन नूडल्स तिखटाच्या प्रमाणावरून बाजारातून परत मागवल्या होत्या. त्यातल्या दोनवरची बंदी पुढच्याच महिन्यात उठवली. त्यामुळे ज्या पाकिटावर दुप्पट-तिप्पट तिखट असं लिहिलंय ते लहान मुलाच्या हातात देऊ नका, आणि मुलांनी फोनवर पाहून कोण जास्त खातो अशी पैज लावली तर ती मोडा.

धाकट्याला पुन्हा झोंबलं तर पाणी देऊ नका. मिरचीतला झोंबणारा घटक पाण्यात विरघळत नाही, पाण्याने तो तोंडभर पसरतो. दूध किंवा घट्ट ताक द्या, घोट तोंडात धरून मग गिळायला सांगा.

"मील किट" या नावाने मात्र फसू नका. त्या पाकिटात जेवण नसतं. मैदा किंवा तांदूळ, तेल, मीठ आणि चव असते. सुकवलेल्या भाजीचे चार तुकडे म्हणजे भाजी नव्हे. जेवण आपण करायचं. पानकोबी, गाजर, पालक, मेथीची कोवळी पानं, शेवग्याचा पाला, मोडाचे मूग किंवा मटकी, वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर. नूडल्स जितक्या तितकीच भाजी हे माझं प्रमाण. गडचिरोली-चंद्रपूरकडे ज्यांना वास्त्यांची सवय आहे त्यांनी पावसाळ्यात ते घालावेत, थाई आणि जपानी स्वयंपाकात बांबूचे कोंब असतातच. पण ते चिरून, उकळून, पाणी फेकूनच. कच्चे कोंब कडू आणि बाधक असतात.

आणि सोयाबीन. वाशीमला बसून तुम्ही बाहेरचं टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, शोधू नका. पॅड थाईत टोफू घालतात, जपानी मिसो ही आंबवलेली पेस्ट सोयाबीनची, कोरियन गोचुजांग या मिरचीच्या आंबवलेल्या पेस्टमध्ये सोयाबीन, सोया सॉस तर सोयाबीन आणि गव्हाचाच. या सगळ्याचा कच्चा माल तुमच्या घरात पोत्यात असतो आणि आपण तो फक्त तेल गिरणीच्या गाडीत भरतो, याचं मला वाईट वाटतं. टोफू घरी होतो. एक वाटी सोयाबीन रात्रभर भिजवा, चोळून सालं काढा, सहा वाट्या पाण्याबरोबर बारीक वाटा, फडक्यातून गाळा. ते दूध ढवळत दहा-पंधरा मिनिटं नीट उकळा; कच्चं राहिलं तर पोटाला बाधतं आणि वासही येतो. मग आच बंद करून दोन चमचे लिंबाचा रस पाण्यात मिसळून थोडा थोडा घाला. फाटलं की फडक्यात बांधून वर वजन ठेवा. फक्त एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा: पेरणीसाठी आणलेल्या बियाण्याच्या थैलीतलं, औषध चोळलेलं सोयाबीन चुकूनही स्वयंपाकघरात येऊ देऊ नका. धुतल्याने ते औषध जात नाही.

मागवायचं कधी, हेही आपल्याकडे महत्त्वाचं. तळलेल्या नूडल्समध्ये तेल असतं आणि तेलाला उष्णता लागली की ते खवट होतं. मे महिन्यात पार्सल कुरिअरच्या गोदामात, मग गाडीत, मग तालुक्याच्या दुकानात पत्र्याखाली पडून राहतं, आणि बाहेर पारा ४५ च्या वर असतो. तारीख शिल्लक असूनही पाकीट उघडल्यावर जुन्या चिवड्यासारखा वास आला तर ते परत करा. मी तळलेल्या जातीचा माल दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतच मागवतो. तांदळाच्या सुक्या नूडल्सना तेल नाही, त्या वर्षभर चालतात, फक्त पावसाळ्यात डब्याचं झाकण घट्ट हवं. सॉसची उघडी पुडी किंवा बाटली फ्रिजमध्येच. वीज रात्रभर जात असेल तर मोठी बाटली घेऊ नका, छोटी घ्या.

पैशांचं साधं गणित असं. किटमध्ये तुम्ही नूडल, सॉस आणि सुबक खोका या तिघांचे पैसे देता. पॅड थाईचा सॉस घरी होतो, तिथे किट घेण्यात अर्थ नाही. कोरियन सॉसमध्ये आंबवलेली गोचुजांग असते, तिची खोल चव घरच्या तिखट-गूळ-लसणाने पूर्ण येत नाही, म्हणून तिथे पाकिटाला पैसे मोजायला हरकत नाही. उडोन आपल्याकडे वेगळे मिळणं अवघड, ते महिन्या-दोन महिन्यांतून हौस म्हणून.

आता तुमचं उरलेलं कोरियन पाकीट. आधी मागचं चिन्ह पाहा. हिरवा ठिपका नसेल तर ते तुमच्या घरी करू नका, कोणाला चालत असेल त्याला देऊन टाका. ठिपका असेल तर रविवारी दुपारी करा, आणि मुलीलाच करू द्या, तुम्ही शेजारी उभ्या राहा. ते सॉसचं पाकीट असेल तर नूडल्स पाच मिनिटं उकळून, आठ चमचे पाणी ठेवून बाकीचं काढायचं. वेगळ्या कढईत थोड्या तेलावर लसूण, मूठभर पानकोबी, गाजर आणि मोड आलेले मूग मोठ्या आचेवर परतायचे, मग नूडल्स आणि ठेवलेलं पाणी. सॉसची पुडी फोडून थेंबभर जिभेवर घ्या आणि तिसरा हिस्साच घाला. चाखा, लागला तर आणखी. धाकट्याचा वाटा सॉस घालायच्या आधीच बाजूला काढा आणि त्याला चमचाभर सोया सॉस व किंचित गूळ लावा. वरून कुटलेले तीळ, सांभार, लिंबू. सासऱ्यांच्या ताटात नेहमीचं जेवण वाढा आणि बाजूला दोन घास नूडल्स ठेवा. उरलेला सॉस फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याभरात भाजलेल्या आलूला किंवा पनीरला लावून संपवा. आणि नूडल्स मऊ झाल्या, चिकटल्या किंवा खारट लागल्या तर पाकिटाच्या मागच्या यादीतले पहिले पाच घटक आणि तुम्ही किती पाणी घेतलं ते लिहून कळवा, नेमकं कुठे काय झालं ते त्यावरून सांगता येईल.